सर्व्हर कॉन्फिगरेशन स्क्रिप्टमधील दोषशोध

सर्व्हरवर पॅकेज बसवणे, फाइली जागेवर ठेवणे, सेवा रीस्टार्ट करणे ही कामे स्क्रिप्टवर सोपवली की कधीतरी ती अडतातच. कुठे आणि का अडली हे हुडकण्याची रीत म्हणजे हा दोषशोध. मार्क बर्जेस यांच्या सीएफइंजिनपासून (१९९३) ही कामे करणाऱ्या साधनांची परंपरा सुरू होते. पुढे पपेट (२००५), शेफ (२००९) आणि अ‍ॅन्सिबल (२०१२) आले. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरपासून पवईच्या कार्यालयांपर्यंत ही साधने आता रोजच्या वापरातली आहेत. खालील उदाहरणे मुख्यतः अ‍ॅन्सिबलची आहेत.

पडद्यावर लाल ओळ आली की आधी एवढेच पाहायचे, ‘अनरीचेबल’ (यंत्र गाठता आले नाही) आहे की ‘फेल्ड’ (गाठले, पण काम फसले)? पहिल्यात गाडी यंत्रापर्यंत पोचलेलीच नसते. एसएसएचची (दूरच्या यंत्रात शिरण्याच्या सोयीची) की, फायरवॉल किंवा चुकीचा पत्ता तपासावा. नवखी मंडळी अशा वेळी प्लेबुकच (करायच्या कामांची, म्हणजे टास्कची, यादी असलेली फाइल) उकरत बसतात. वाक्यरचनेच्या चुकीत दाखवलेला ओळक्रमांकही शब्दशः घेऊ नये. प्लेबुक ज्या यॅमल स्वरूपात लिहितात त्यात इंडेंटसाठी टॅब चालत नाही, आणि न मिटलेले अवतरणचिन्ह कित्येक ओळी खाली जाऊन बोंबलते.

खरा ताप न बोंबलणाऱ्या चुकांचा. फाइलीची परवानगी अष्टमानात (आठच्या पायावर) मोजतात, ती ‘०६४४’ अशी अवतरणात लिहायची. मालकाला वाचन-लेखन, बाकीच्यांना फक्त वाचन. कोणी घाईत नुसते ६४४ लिहिले, तर ती दशमान संख्या ठरते आणि अष्टमानात १२०४ होते. म्हणजे मालकाला फक्त लेखन, गटाला काहीच नाही, आणि परक्याला मात्र वाचन! टास्क पिवळे ‘चेंज्ड’ (बदल केला) दाखवून पुढे सरकते. त्याच मालकाच्या नावाने चालणारी सेवा पुढच्या रीस्टार्टला स्वतःची फाइल वाचू शकत नाही, आणि सगळे सेवेच्या मागे लागतात. अ‍ॅन्सिबल-लिंट हे प्लेबुक तपासणारे साधन ही चूक आधीच पकडते, चालवले तर.

मुंबईत घड्याळाचा घोळ महागात पडतो. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, असतो. पहाटे साडेतीनला रीस्टार्ट व्हावे म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत) ३:३० लिहिले, तर आपल्याकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो. शिवाय क्रॉनला लॉगिनचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या जागांची यादी) मिळत नाही, म्हणून हाताने सुरळीत चालणारी स्क्रिप्ट तिथे ‘कमांड सापडली नाही’ म्हणते.

बदल आधी एकाच यंत्रापुरता मर्यादित ठेवून चेक (खरा बदल न करता) आणि डिफ (काय बदलेल ते दाखवत) मोडमध्ये चालवतात. चेक मोडवर मात्र सगळी भिस्त ठेवू नये. त्यात शेल टास्क (थेट कमांड चालवणारी) वगळली जातात, त्यामुळे त्यांच्या निकालावर बेतलेले पुढचे टास्क विनाकारण पडू शकते. याहून भरवशाची कसोटी म्हणजे तेच प्लेबुक लगेच दुसऱ्यांदा चालवणे: ‘चेंज्ड’ शून्य यायला हवे. प्रत्येक वेळी पिवळे होणारे टास्क बहुतेकदा कच्चे शेल असते.

पासवर्ड असलेल्या टास्कवर ‘नो-लॉग’ लावलेले असते, त्यामुळे पासवर्डसोबत चुकीचा मजकूरही झाकला जातो. मध्यरात्री वैतागून कोणीतरी ते काढते, चूक सापडते, शेवटची लोकलही मिळते. पासवर्ड मात्र लॉगमध्ये उतरलेला असतो, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात.