सैल माशी (हातघडणीच्या नळीवरील)

बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी, वरच्या अंगाला जो लहानसा मणी, दाणा किंवा पाते बसवलेले असते, त्याला मराठीत माशी म्हणतात. मागे, कानाच्या म्हणजे दारूला बत्ती पोचवणाऱ्या छिद्राच्या बाजूला, खाच पाडलेला दुसरा तुकडा असतो. डोळा, मागची खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणणे म्हणजे शिस्त धरणे. ‘शिस्त’ हा शब्द आज शाळेत आणि कवायतीच्या मैदानावर ऐकू येतो. जुन्या मराठीत मात्र नेम हाही त्याचा अर्थ होता. माशी आपल्या बैठकीत हलू लागली की तीच शिस्त मोडते. यंत्रावर बनलेल्या बंदुकीला नवी माशी घेऊन बसवली की काम भागते. हातघडणीच्या नळीचे तसे नाही. तिथे प्रत्येक खाच वेगळी, म्हणून दुरुस्तीही त्या एका नळीपुरती ठरते.

माशी किती हलली तर किती फरक पडतो, हे साध्या त्रैराशिकाने निघते. मागची खाच आणि माशी यांत ७५० मिलिमीटर अंतर आहे आणि लक्ष्य ५० मीटरवर आहे, असे धरू. माशी ०.१ मिलिमीटर सरकली तर गोळी सुमारे ६.७ मिलिमीटर बाजूला जाते, ०.५ मिलिमीटर सरकली तर ३३ मिलिमीटर. ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मध्य रेल्वेच्या पुणे विभागात नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवले ते याच अंतरावर. माशी ज्या बाजूला सरकते, गोळी त्याच्या उलट बाजूला जाते, हेही इथेच लक्षात ठेवावे. ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या), गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी मुळातच इतकी विखुरते की ०.१ मिलिमीटर जाणवतही नाही. पण सैल माशी ०.१ वर थांबत नाही, प्रत्येक बाराला ती आपली जागा थोडी रुंद करत जाते.

हातघडणीची नळी म्हणजे काय, हे नीट समजल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फझलने अकबराच्या कारखान्यातील पद्धत नोंदवली आहे: लोखंडाची पट्टी चपटी करून तिरपी गुंडाळायची, वेढे कडेला कड न लावता एकमेकांवर चढवायचे आणि भट्टीत हळूहळू तापवून एकजीव करायचे. अशा नळीचे भोक आतून कितीही घोटले तरी ते बाहेरच्या पृष्ठभागाशी तंतोतंत समकेंद्री राहीलच असे नाही. एका बाजूची भिंत जाड, दुसरीची पातळ. अष्टकोनी नळीचा वरचा पैलू भोकाच्या बरोबर मध्यावर नसणे ही तर नेहमीची गोष्ट. कारागीर बार काढून बघायचा आणि गोळी जिथे जाईल त्या हिशेबाने माशी बाजूला सरकवून पक्की करायचा. म्हणून जुन्या नळीवर माशी डोळ्याला वाकडी दिसली तर ती चूक समजू नये. ती त्या कारागिराने काढलेले उत्तर आहे. दुरुस्तीच्या नावाखाली माशी ‘मध्यावर’ आणणारा माणूस हे उत्तर पुसून टाकतो, आणि बंदुकीचे याहून मोठे नुकसान सहसा कोणी करत नाही.

माशी नळीवर धरून ठेवण्याच्या मुख्य पद्धती दोन. एक, झाळून. यात नळीचा पृष्ठभाग आणि माशीचे बूड दोन्हींना कल्हई करून कथील-शिशाच्या झाळाने जोडतात. दुसरी, खाचेत. नळीवर आडवी, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खाच कापायची आणि त्याच आकाराचे बूड बाजूने ठोकून आत सरकवायचे. सुतार आणि फिटर या सांध्याला डवटेल म्हणतात. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत वापरल्या गेलेल्या इंग्रजी मस्केटींना वेगळी माशी नव्हतीच. संगीन अडकवण्यासाठी नळीवर पक्का केलेला लोखंडी ठोकळाच माशीचे काम करी.

सैलपणाची कारणे बहुधा एकत्र येतात. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते. ती खाचेत राहिली की गंज धरतो आणि गंजाची भुकटी झडली की जागा रिकामी होते. पुण्यात जुन्या घराण्यांत खंडेनवमीला शस्त्रे खाली काढतात, पुसतात, पूजतात. पाणी, हळदकुंकू आणि फुलांचा ओलावा त्या बारीक खाचेत उतरतो आणि पुढच्या वर्षापर्यंत तिथेच राहतो. पूजेनंतर खाच कोरड्या कुंचल्याने साफ करून तेलाचा एक थेंब सोडावा, एवढी काळजीही पुष्कळ घरांत घेतली जात नाही. याखेरीज घडीव लोखंड मऊ असते. माशी वारंवार इकडेतिकडे ठोकली की बूड तसेच राहते आणि खाचेच्या कडा दबतात. थोडक्यात, सैल होते ती खाच. म्हणून माशी बदलून बरेचदा काहीच साधत नाही.

कामाला बसण्याआधी नळी रिकामी आहे ना, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगलेल्या ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच निघतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. तपासणी सोपी आहे. लाकडी गज तोंडातून अलगद आत सोडायचा, नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करायची, मग तो बाहेर काढून नळीशेजारी ठेवायचा. त्याचे टोक कानाच्या छिद्रापर्यंत पोचत नसेल, तीन-चार बोटे अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. अशी नळी तापवायची नाही, ठोकायची नाही आणि स्वतः रिकामीही करायची नाही. ती पोलिसांना दाखवावी.

त्यानंतर माशीच्या बुडापासून नळीवर जाईल अशी केसासारखी बारीक रेघ धारदार टोकाने ओढतात. ही खूण नसेल तर मूळ जागा कायमची हरवते. मग माशी कोणत्या बाजूने निघते ते पाहायचे. डावीकडून उजवीकडे काढण्याचा रिवाज आहे, पण हातघडणीच्या खाचेने रिवाज पाळलेला असेलच असे नाही. खाच एका टोकाला किंचित रुंद असू शकते. ठोकायला पितळी किंवा लाकडी पंच (हातोडीखाली धरायची कांडी) घ्यावा, पोलादी नको. माशी निघाल्यावर दिव्याची काजळी बुडाला धरायची आणि ते खाचेत सरकवून परत काढायचे. जिथे काजळी पुसली गेली तिथे धातू धातूला लागतो. जिथे ती शाबूत आहे तिथे पोकळी आहे. बूड तळाला टेकते की फक्त कडांना, हे या काळ्या डागांवरून जितके स्पष्ट दिसते तितके मोजमापाने कळत नाही.

पोकळी थोडी असेल तर सर्वांत सभ्य उपाय पितळी पत्रीचा. पुण्याच्या बोहरी आळीत पातळ पितळी पत्रा मिळतो. बुडाच्या मापाची पत्री कापून खाचेच्या तळाशी घालायची; बूड वर उचलले जाते आणि तिरप्या कडांत घट्ट बसते. पत्री काढली की सगळे पूर्ववत होते, हा तिचा मोठा गुण. बुडाच्या खालच्या बाजूला पंचाने चार-पाच ठिपके उठवले तरी तोच परिणाम साधतो. ते ठिपके नळीवर नव्हे, बुडावर उठवायचे. बूड बदलता येते, नळी बदलता येत नाही.

तिसरा उपाय खाचेच्या कडा मठारण्याचा. तांबट आळीत भांड्याला मठारकाम करताना तांबे हातोडीखाली दबत, सरकत जाते, तशीच इथे खाचेची वरची कड हलक्या ठोक्यांनी आत वळवतात. हा उपाय एकदाच करता येतो. घडीव लोखंडात धातुमळीचे लांब धागे असतात, आणि तीच कड दुसऱ्यांदा मठारली की त्या धाग्यांवरून ती फाटते. तिथे थांबायला हवे, हे कळणाराच हे काम करू शकतो.

झाळ सर्वांत पक्का, आणि बिघडवायलाही सर्वांत सोपा. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे यांचा झाळ १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. एवढ्या उष्णतेने नळीच्या लोखंडाला काही होत नाही. पितळी झाळाला ९०० अंशांच्या आसपास तापवावे लागते, आणि तसला ताव जुन्या नळीला देऊ नये. कल्हईवाले वापरतात तो नवसागर इथे टाळावा, कारण त्याचे क्षार खाचेत राहून लोखंड खातात, राळ बरी. दुनळी बंदुकीत मधली पट्टीही झाळानेच जोडलेली असते, तेव्हा माशी झाळताना पट्टी सुटण्याची भीती असते. त्यावर ओला कपडा गुंडाळून ताव अडवतात. पोकळी फारच मोठी असेल तर मोठ्या बुडाची नवी माशी करून खाच कानशीने तेवढी रुंद करतात. त्यासाठी त्रिकोणी कानशीची एक बाजू घासून बिनदाती करावी, म्हणजे कड कापताना तळ खोल जात नाही. तळ खोल गेला की नळीची भिंत पातळ होते, आणि ती कुठे आधीच पातळ आहे हे हातघडणीत वरून दिसत नाही.

वर सांगितलेले सगळे वापरातल्या बंदुकीचे. संग्रहातल्या वस्तूला यांतले फक्त पत्रीसारखे, उलटवता येणारे उपाय चालतात. शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहणाऱ्याला जुन्या वस्तूंवरच्या वापराच्या खुणांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दबलेली कड, जुना झाळ, वाकडी माशी हा त्या वस्तूचा इतिहास आहे. तिथे माशी पडू नये एवढे पाहावे, ती डुगडुगली तरी चालेल.

कायद्याची बाजू अनेकांना ठाऊक नसते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे जसे गुन्हा आहे, तसेच दुसऱ्याची बंदूक दुरुस्त करून देण्याचा धंदाही. कलम ४५ जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट देते, पण ते शस्त्र दुरुस्त करूनही चालू होण्यासारखे नसेल तरच. म्हणजे वाड्यातली पणजोबांची ठासणीची बंदूक केवळ जुनी आहे म्हणून सुटत नाही. पुणे शहरात परवान्याचे अधिकार पोलिस आयुक्तांकडे आहेत, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना याच कायद्यात वेगळा सांगितला आहे, आणि हातघडणीच्या नळीवरची माशी घट्ट करण्याची खरी गरज आज अशा परवानाधारकांनाच पडते.

दुरुस्ती टिकली की नाही याची परीक्षा परवानगी असलेल्या मैदानावर, बंदूक टेकणावर ठेवून होते. दहा बार झाल्यावर भिंग घेऊन आधी ओढलेली ती बारीक रेघ पाहायची. बुडावरचा आणि नळीवरचा तुकडा अजून एकाच ओळीत असेल, तर माशी बसली. केसभर जरी तुटलेली दिसली, तर पत्री काढून पुन्हा काजळीपासून सुरुवात करायची.