झाडीपट्टीतलं जंगल कुठं गेलं, अन् 'झुडपी'चा घोळ

२२ मे २०२५ ला दिल्लीच्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं सांगितलं की पूर्व विदर्भातली, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली, कागदावर 'झुडपी जंगल' लिहिलेली जमीन जंगलच धरायची, तेव्हापासून आमच्याकडं पानठेल्यावर दोनच प्रश्न. माझं घर जाते का, अन् झुडपी म्हणजे नेमकं काय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्या जागा दिल्या गेल्या त्यांना राज्य सरकारनं केंद्राची मंजुरी मागाहून घ्यायची. दुसऱ्यासाठी मात्र बरंच मागं जावं लागते.

इंग्रज आले, रेल्वे आली, सागवान गेलं, हे सगळ्यांनी शाळेत वाचलंय म्हणून ते उरकतो. १८५३-५४ मधे आधी वऱ्हाड अन् मग नागपूर त्यांच्या हाती गेलं, १८६७ ला गाडी नागपूरपर्यंत आली, रुळाखालचे स्लीपर लाकडाचेच होते. त्यात १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी, तिकडचा कापूस बंद, इकडं भाव चढले, अन् वऱ्हाडातलं काळ्या मातीतलं रान कुऱ्हाडीपेक्षा वखरानं जास्त संपलं. १८६५ अन् १८७८ च्या कायद्यानं चांगलं जंगल सरकारी झालं, गवत कापणं सुद्धा गुन्हा. १९३० ला पुसदला लोकांनी मुद्दाम गवतच कापून सत्याग्रह केला तो याच्यावरच.

पूर्वेकडं, म्हणजे भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर), नागपूर पट्ट्यात, गोष्ट वेगळी. तिथं मालगुजारी होती. गावाचा वसूल मालगुजार भरायचा अन् गावाभोवतीचं पडीक रानही त्याच्याच मालकीत, पण त्यात गावाचा निस्तार चालायचा, म्हणजे सरपण, चराई, घर शाकारायला गवत, नांगराला लाकूड. १९५१ ला मालगुजारी संपली. संपणार हे आधीच माहीत होतं म्हणून लई जणांनी हातचं रान विकून टाकलं. माझा आजा सांगायचा, आमच्या नाल्यापलीकडं त्या उन्हाळ्यात कंदील लावून रात्रीही करवत चालायची अन् पहाटे बैलबंड्या भरून जायच्या. पावसाळ्यात तिथं फक्त खुंट अन् पळसाचे फुटवे.

अन् नेमका तेव्हाच कागद तयार झाला. जमिनी सरकारजमा झाल्यावर कुठं काय आहे अन् गावाला कशाचा निस्तार आहे हे लिहायचं होतं, मोठ्या झाडाचं जंगल, लहान झाडाचं, झुडपी, गवत, पहाड असं. छत्तीसगडात आजही 'बडे झाड का जंगल', 'छोटे झाड का जंगल' अशा नोंदी सापडतात, आपण १९५६ पर्यंत त्यांच्याच राज्यात, मध्य प्रदेशात, होतो ना. झुडपी म्हणजे धड शेतीची नाही अन् धड झाडाची नाही अशी मुरमाड जागा, गुरं चारायची, वेळ पडली तर स्मशान, खळवाडी. कोणी जंगलखात्याचा माणूस येऊन मोजून गेला अन् मग जंगल लिहिलं, असं नव्हतं ते.

१९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो. पुण्या-साताऱ्याकडं हा शब्दच नाही, तिकडं गायरान, वऱ्हाडात ई-क्लास. मुंबईत बसून नियम करणाऱ्याला झुडपी हा प्रकार कळला नाही असं माझं मत, म्हणून ज्याला जागा लागली त्यानं घेतली. शाळा, सरकारी इमारती, घरकुलं, सगळं झुडपीवर. मग १९८० चा कायदा आला, जंगलाची जागा दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी पाहिजे. अन् १९९६ ला, तीच वरची १२ डिसेंबर, कोर्टानं म्हटलं की सरकारी कागदात जंगल लिहिलंय ते जंगल, मालक कोणी का असेना. झालं! पटवाऱ्यानं लिहिलेल्या दोन शब्दातला पहिला गळाला अन् दुसरा उरला. ज्या जमिनीवरून भांडण होतं ती सुमारे ८६ हजार हेक्टर.

आमच्या शाळेच्या मैदानाचा सातबारा मी स्वतः काढला, सरकार, झुडपी जंगल. जागेवर एक पळस, दोन बोरी, एक गोलपोस्ट अन् बकऱ्या.

आता खऱ्या जंगलाचं बघा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू वर्षानुवर्षं मातीमोल भावात गेला, अन् कुडाच्या भिंतीला दोन बांबू आणणाऱ्याला दंड. १९७४ नंतर मोह, चारोळी, तेंदू, बेहडा असलेलं मिश्र रान साफ करून सागाच्या रांगा लावल्या, त्याला तोड म्हणत नाहीत, कागदावर ते जंगलच राहिलं. पण मोहफूल वेचणाऱ्या बाईनं सागाखाली काय वेचावं? मग चंद्रपूर-वणीकडच्या उघड्या कोळसा खाणी, गोसीखुर्द धरणाचं पाणी, सुरजागडच्या लोखंडाच्या खाणी. शहरात मात्र अजून ऐकू येते की जंगल मोळीवाल्यांनी संपवलं. मोळी डोक्यावर किती मावते हो? २००९ ला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचं जंगल गावानंच सांभाळायचा अन् वापरायचा हक्क, मिळाला, तिथला बांबू काही त्यानं संपला नाही.

कोर्टानं दोन गोष्टी चांगल्या केल्या असं मला वाटते. एक, खाणीसाठी तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायला झुडपी दाखवायची जी सोय होती ती आवळली, दुसरी जमीन नाहीच असा दाखला असेल तरच. दोन, ९६ नंतर ज्यांनी जागा वाटल्या त्या अधिकाऱ्यांची नावं मागितली. पण तीन हेक्टरच्या आतले, जंगलाला न लागलेले तुकडे आता संरक्षित वन व्हायचे आहेत. आमचं मैदान दीड हेक्टर आहे. तलाठ्याला विचारलं तर म्हणे, यादी वरून येईल, तोवर पोरं खेळू द्या.