तंत्र खरं होतं, तरीही ग्रीनवॉशिंगच

ग्रीनवॉशिंग म्हणजे काय हे आता सांगायला नको. वेष्टनावर हिरवं पान, शेजारी 'इको', आत तोच जुना माल. आणि हरित नवोन्मेष (हा शब्द कुणाच्या तोंडी नाही, पण पेपरवाले काही सोडत नाहीत) म्हणजे प्रदूषण खरोखर कमी करणारं नवं तंत्र. इथवर ठीक. घोळ पुढे होतो. कंपनीकडे खरं तंत्र असलं की ते ग्रीनवॉशिंग नव्हे, आणि ग्रीनवॉशिंग पकडलं गेलं की तंत्रच बोगस, असं लोक धरून चालतात. दोन्ही चूक.

फोक्सवॅगनचं बघा. अमेरिकेत 'क्लीन डिझेल' म्हणून विकलेल्या पसाट या गाडीत धुरात युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइड या घातक वायूचं नायट्रोजन आणि पाणी करणारी यंत्रणा होती. अगदी खरीखुरी. २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मंडळींनी धूर मोजायची यंत्रं गाडीतच ठेवून ती रस्त्यावर पळवली. पसाट मर्यादेच्या ५ ते २० पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती. त्याच चाचणीत, तशीच युरियाची यंत्रणा असलेली बीएमडब्ल्यू एक्स-५ मात्र चढाचा रस्ता सोडला तर साधारण मर्यादेत राहिली. तंत्र तेच. एका गाडीत ते राबत होतं, दुसरीत त्याला बसवून ठेवलं होतं.

प्रयोगशाळेत गाडी रोलरवर पळते. चाकं फिरतात, स्टीअरिंग मात्र ढिम्म. स्टीअरिंग, वेग, हवेचा दाब यांवरून फोक्सवॅगनच्या गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं की परीक्षा चालू आहे, आणि धूर साफ करायला जोर लावायचं. रस्त्यावर आलं की हात आखडता. इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर शाळेचे फळे चकाचक होतात, तसंच. तसलं सॉफ्टवेअर असलेल्या गाड्या जगभरात सुमारे १ कोटी १० लाख निघाल्या. पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये भारतातल्याही सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलवायचं ठरलं.

'पण डिझेल कार्बन डायऑक्साइड कमी सोडतं ना?' हा युक्तिवाद ऐकून माझे कान किटलेत. अहो, तो वेगळा वायू; इथे भानगड नायट्रोजन ऑक्साइडची.

त्यामुळे कुणी नव्या तंत्राचं कौतुक सांगू लागलं, की मी एवढंच विचारतो: मोजलं कुठे? भारतात एप्रिल २०२३ पासून, बीएस-६ या गाड्यांच्या धुराच्या निकषांच्या दुसऱ्या टप्प्यात, धूर प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजायचा नियम आला. तिथे स्टीअरिंग हलतंच.