मंत्रचळ आणि हालचालींचे विकार

मंत्रचळ, म्हणजे आता सगळे ज्याला ओसीडी म्हणतात तो विकार, मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. टिक (अचानक, परत परत होणारे झटके किंवा आवाज), कोरिया (हातपायांच्या अनियंत्रित हालचाली), कंपवात हे आजार मेंदूविकारतज्ज्ञाकडे. ही वाटणी दवाखान्यांच्या सोयीची आहे, मेंदू ती पाळत नाही. नको असलेला विचार परत परत येणे आणि तो शमावा म्हणून तीच ती कृती करत राहणे हे मंत्रचळाचे रूप; नको ती हालचाल होत राहणे किंवा हवी ती न जमणे हे हालचालींच्या विकारांचे. दोन्हींचा माग काढत गेले की बहुतेक वेळा मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियापाशीच पोचायला होते.

मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे बाहेरच्या थरातून, निघालेले संदेश बेसल गँग्लियात येतात आणि थॅलॅमस या मेंदूच्या मधोमध असलेल्या केंद्रामार्गे परत बाह्यकाकडे जातात. अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक यांनी 1986 मध्ये अशी अनेक समांतर वर्तुळे मांडली. काही हालचालींची, काही विचार आणि भावनांची. कुठली कृती सुरू करायची, कुठली दाबून धरायची, हे ठरण्यात या वर्तुळांचा मोठा वाटा असतो. हात धुतले, दिसायला स्वच्छही झाले, तरी 'झालं, पुरे' ही जाणीवच उमटत नाही, ही मंत्रचळाच्या रुग्णाची नेहमीची तक्रार या चित्रात चपखल बसते.

दोन्ही विकार सर्वांत जवळ येतात ते टुरेट सिंड्रोममध्ये. जॉर्ज जिल द ला तुरेत यांनी 1885 मध्ये नऊ रुग्णांच्या आधारे त्याचे वर्णन केले. डोळे मिचकावणे, मान झटकणे, घसा खाकरणे असे टिक त्यात असतात आणि साधारण एक-तृतीयांश ते निम्म्या रुग्णांना मंत्रचळही असतो. एखादा मुलगा टेबलाच्या कडेला उजवा हात लावतो, मग डावा, मग पुन्हा उजवा. दोन्हीकडे 'सारखं' वाटेपर्यंत थांबत नाही. हा टिक की मंत्रचळ? विचारून पाहावे. 'नाही लावला तर आईला काहीतरी होईल' असे उत्तर आले, तर मंत्रचळाकडे कल. 'हातात काहीतरी साचतं, लावला की मोकळं होतं' असे म्हणाला, तर टिककडे. पुष्कळदा उत्तर या दोन्हींच्या मधले असते. डीएसएम-5 ने, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीने, 2013 मध्ये टिकशी संबंधित मंत्रचळ वेगळा नोंदवण्याची सोय केली. तिचा उपयोग कागदापुरता नाही: नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या अशा रुग्णांत रिस्पेरिडोनसारख्या, डोपामाइन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचा परिणाम रोखणाऱ्या औषधाची अल्प मात्रा जोडल्याने अधिक फरक पडू शकतो.

संसर्गातूनही हे नाते दिसते. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंनंतर येणाऱ्या संधिवाती तापात काही मुलांना सिडनहॅमचा कोरिया होतो. हातपाय नाचल्यासारखे हलू लागतात. जंतूंविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे बेसल गँग्लियावरच उलटतात, असे मानले जाते. यातल्या अनेक मुलांत मंत्रचळाची लक्षणे आढळतात. सुझन स्वीडो यांनी 1998 मध्ये 50 मुलांच्या अभ्यासातून मांडलेली 'पँडास' ही कल्पना, म्हणजे स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर मुलांत मंत्रचळ किंवा टिक अचानक उद्भवतात हा विचार, इथूनच निघाली; तिच्या व्याप्तीबद्दल मात्र अजून वाद आहे. त्याआधी, 1917 च्या सुमारास फॉन इकोनोमो यांनी वर्णन केलेल्या निद्राळू मेंदूज्वरातून वाचलेल्या काहींना अधूनमधून झटका येई. डोळे वर जाऊन तिथेच अडकत आणि तेवढा वेळ एकच विचार डोक्यात घुमत राही. डोळे खाली आले की विचारही सुटे.

कंपवाताच्या बाबतीत थोडे सावध राहायला हवे. डोपामाइनवर्धक औषधांनी काही रुग्ण जुगाराच्या किंवा खरेदीच्या नादी लागतात, कुणी तासन्‌तास वस्तू सुट्या करून पुन्हा जोडत बसतो. याला सरसकट मंत्रचळ म्हणणे चूक, कारण मंत्रचळाच्या मुळाशी सहसा ओढ नसून भीती किंवा अस्वस्थता असते.

शस्त्रक्रियेची दिशा मात्र कंपवातानेच दाखवली. बेसल गँग्लियाच्या वर्तुळातल्या सबथॅलॅमिक केंद्राला विजेने चेतवण्यासाठी तिथे इलेक्ट्रोड बसवलेल्या दोन कंपवात रुग्णांचा जुना मंत्रचळही ओसरल्याचे ल्यूक माले आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये नोंदवले. मग 2008 मध्ये त्यांनी कंपवात नसलेल्या, तीव्र मंत्रचळाच्या 16 रुग्णांवर हाच उपाय तपासला. लक्षणे कमी झाली, पण एकाला मेंदूत रक्तस्राव झाला आणि दोघांना जंतुसंसर्ग. म्हणून औषधे आणि वर्तनोपचार दोन्ही पुरेसे करूनही ज्यांना गुण येत नाही, अशा मोजक्यांसाठीच हा मार्ग ठेवलेला आहे.