छोट्या शहराची बस कायम तोट्यात का दिसते: थोडी पार्श्वभूमी

छोट्या शहराच्या बससेवेचा वार्षिक अहवाल आला की सगळ्यांची नजर आधी एकाच आकड्यावर जाते, तिकिटातून खर्चाचे किती टक्के निघाले. आणि मग त्याच आकड्यावरून पुढच्या पाच-दहा वर्षांचा प्लॅन ठरतो, कुठला रूट बंद करायचा, कुठल्या फेऱ्या कमी करायच्या. हा आकडा एवढा मोठा का झाला हे समजायला बरंच मागे जावं लागतं, कारण शहरातली बस सुरू झाली तीच मुळात धंदा म्हणून.

१६६२ मध्ये पॅरिसला ब्लेझ पास्कालच्या कल्पनेतून ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेळेला सुटणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या होत्या, पण सैनिक, नोकर, मजूर यांना त्यात बसायला बंदी घातली गेली आणि काही वर्षांत तो प्रकार बंदच पडला. खरी सुरुवात १८२६ ची, फ्रान्समधल्याच नाँत शहरात. स्तानिस्लास बोद्रीची शहराबाहेर पिठाची गिरणी होती, तिथल्या गरम पाण्यावर त्याने स्नानगृह काढलं आणि गिऱ्हाईक यावं म्हणून शहरातून गाडी सोडली. लोक मात्र स्नानगृहापर्यंत यायचेच नाहीत, मध्येच आपापल्या कामाच्या जागी उतरायचे. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की खरी गरज प्रवासाचीच आहे, आणि त्याने तोच धंदा वाढवला.

पुढे रुळांवरच्या घोडाट्राम आल्या, मग १८८८ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडला फ्रँक स्प्रेगने विजेची ट्राम यशस्वी करून दाखवली आणि काही वर्षांत लहान लहान गावांतसुद्धा रूळ पडले. अनेक ठिकाणी ट्रामची कंपनी आणि विजेची कंपनी एकाच मालकाची असायची, कुठे जमिनीचे प्लॉट विकणारेच ट्राम चालवायचे. म्हणजे तेव्हाही सगळा नफा तिकिटातून येत नव्हता, तो शेजारच्या धंद्यातून यायचा, फक्त हिशोबात ते वेगळं दिसायचं नाही. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली ही सगळ्यात दुर्लक्षित बाब आहे. कारण पहिल्या महायुद्धात महागाई वाढली, भाडं मात्र करारात बांधलेलं, त्यात मोटारी आल्या, आणि वीज कंपन्यांवर निर्बंध घालणाऱ्या १९३५ च्या कायद्याने अमेरिकेत त्यातल्या बऱ्याच कंपन्यांना ट्राममधून अंग काढून घ्यावं लागलं. मग मागे उरलं ते नुसतं तिकीट, आणि सेवा चांगली की वाईट ते त्यावरूनच मोजायची सवय.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर रेशनवर होते म्हणून बस-ट्राम खच्चून भरल्या, नंतर गर्दी उतरली ती उतरलीच. आणि इथेच ते दुष्टचक्र सुरू झालं: प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून वाट बघणं जास्त, म्हणून आणखी प्रवासी कमी. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट मोहरिंगने १९७२ मध्ये याचीच उलटी बाजू गणितात मांडली, प्रवासी वाढले की फेऱ्या वाढतात आणि त्यामुळे आधीच्या प्रत्येक प्रवाशाचीही वाट बघण्याची वेळ कमी होते. मोठ्या शहराला हा फायदा आपोआप मिळतो, छोट्या शहराला तो मुद्दाम पैसे घालून मिळवावा लागतो.

सरकारं मदतीला आली, पण कशी तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने केंद्राचा पैसा मिळायला लागला तो बस, डेपो अशा भांडवली खर्चाला, रोजच्या चालवण्याला मदत सुरू व्हायला १९७४ उजाडलं. ब्रिटनने उलटी वाट धरली, १९८५ चा कायदा करून ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून जवळपास सगळीकडे बसचा बाजार मोकळा केला, म्हणजे कुठल्याही कंपनीने हव्या त्या रस्त्यावर बस चालवावी. डार्लिंग्टनसारख्या मध्यम गावात याचं काय झालं ते १९९४ मध्ये दिसलं: गावाची स्वतःची बस कंपनी विकायला काढलेली असताना एका मोठ्या कंपनीने त्याच रस्त्यांवर चक्क फुकट बस सोडल्या आणि गावाची कंपनी बुडाली. सरकारी चौकशीत या वागण्यावर कडक ताशेरे ओढले गेले, पण बुडालेली कंपनी काही परत आली नाही.

मग छोट्या शहरांना जमलंच नाही का, तर जमलं, आणि ते टाइमटेबलमुळे जमलं. ऑस्ट्रियातल्या डोर्नबिर्नने १९९१ मध्ये आणि जर्मनीतल्या लेमगोने १९९४ मध्ये अशी शहरबस सुरू केली, आणि लेमगोची लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास. पद्धत सोपी: सगळ्या लाइन मध्यभागी एकाच वेळी येतात, समजा १० वाजता आणि साडेदहाला, पाच मिनिटं थांबतात, लोक या बसमधून त्या बसमध्ये बदलतात, आणि सगळ्या एकदम सुटतात. यासाठी प्रत्येक लाइनची फेरी साधारण २५ मिनिटांत पूर्ण झालीच पाहिजे. नगरसेवकाने आग्रह धरला, बस अजून एका कॉलनीतून फिरवा, आणि फेरी ३१ मिनिटांची झाली, की एकतर आणखी एक बस आणि ड्रायव्हर लागतो नाहीतर त्या लाइनचं कनेक्शन तुटतं. छोट्या शहराचं प्लॅनिंग बिघडतं ते अशा सहा मिनिटांवर, आणि हे नकाशात अजिबात दिसत नाही. लेमगोत प्रवासी कित्येक पटींनी वाढले.

फुकट प्रवासाचं उदाहरण म्हणून बेल्जियमच्या हासेल्टचं नाव नेहमी घेतात, १९९७ मध्ये तिकीट काढून टाकलं आणि प्रवासी दहा पटींच्या आसपास गेले. पण त्याच वेळी बस आणि रूटही बरेच वाढवले होते, हे सांगताना लोक विसरतात. खर्च वाढत गेला आणि २०१३ मध्ये सरसकट फुकट बंद झालं. कॅनडातल्या इनिसफिल गावाने २०१७ मध्ये बसऐवजी उबरच्या फेऱ्यांना सबसिडी दिली. लोकांना आवडलं, आणि तिथेच गाडं अडलं, कारण बसमध्ये दहा माणसं जास्त चढली तर खर्च जवळपास तोच राहतो, टॅक्सीत प्रत्येक फेरीमागे सबसिडी वाढते. २०१९ मध्ये त्यांना भाडं वाढवून महिन्याला ३० फेऱ्यांची मर्यादा घालावी लागली.

आता सगळीकडच्या प्लॅनमध्ये इलेक्ट्रिक बस आहेत आणि त्या हव्यातच, पण पैसा पुन्हा भांडवलालाच सहज मिळतोय, १९६४ सारखा. बस चालवण्यात सगळ्यात मोठा खर्च ड्रायव्हरच्या पगाराचा, आणि नवी कोरी बस आली म्हणून फेऱ्या वाढत नाहीत. त्यामुळे अहवाल हातात आला की मी आधी तीन गोष्टी शोधतो: वर्षभरात सगळ्या बस मिळून एकूण किती तास रस्त्यावर धावल्या (सर्व्हिस-तास), दर तासाला किती माणसं चढली, आणि संध्याकाळी सातनंतर व रविवारी किती मिनिटांनी बस आहे. तिसरा आकडा बऱ्याच अहवालांत छापलेलाच नसतो, तो टाइमटेबल उघडून स्वतः काढावा लागतो.