सीनियर वर्ष

अमेरिकेतील हायस्कूलचे शेवटचे म्हणजे बारावीचे वर्ष आणि त्या वर्षात होणाऱ्या निवडणुका, नाच, बक्षीस समारंभ व पदवीदान यांची मिळून झालेली प्रथा. नववी ते बारावीतल्या मुलांना तिथे अनुक्रमे फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर आणि सीनियर म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शाळा भरल्यापासून मे-जूनमध्ये टोप्या हवेत उडेपर्यंत सीनियर मुलांची दोन मोजमापे चालू असतात. शाळा गुण देते आणि सोबती मते देतात. दुसरे मोजमाप वरवर गमतीचे वाटते, पण निवडणुकीला कोणी उभे राहायचे आणि नाचाला कोणी कोणाबरोबर यायचे यावरून तिथे खटले झाले आहेत, शाळा बंद पाडल्या गेल्या आहेत आणि एका गावात तर सत्तापालटही झाला आहे.

आज दिसते त्या रूपात ही प्रथा फार जुनी नाही. बॉस्टनमध्ये १८२१ साली सुरू झालेले इंग्लिश हायस्कूल हे देशातले पहिले सार्वजनिक हायस्कूल मानले जाते, पण पुढची शंभर वर्षे हायस्कूल मोजक्यांनाच परवडे. १९१० मध्ये त्या वयाच्या शंभर मुलांपैकी जेमतेम नऊ जण ते पुरे करत. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेले. कचेऱ्या आणि कारखान्यांना हिशेब, पत्रव्यवहार जमणारी माणसे हवी होती, गावोगावी स्थानिक करांतून शाळा उभ्या राहत होत्या आणि महामंदीत बाहेर कामच नसल्याने मुले वर्गात टिकली. या गर्दीबरोबर कॉलेजातले श्रीमंती रिवाज हायस्कुलात उतरले. वर्गाच्या नावाची अंगठी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८३५ साली आली. पदवीधरांची चित्रे असलेले पुस्तक, म्हणजे इयरबुकचा पूर्वज, येल विद्यापीठात १८०६ साली निघाले होते. प्रॉम हा नाचही आधी पूर्वेकडच्या कॉलेजांचाच. मिनेसोटातील ओवाटोना गावात १८९७ साली सुरू झालेल्या जॉस्टन्ससारख्या कंपन्यांनी अंगठ्या, पुढे इयरबुके, झगे आणि टोप्या शाळांपर्यंत पोचवल्या. या प्रथेच्या टिकाऊपणात भावनेइतकाच या धंद्याचा वाटा आहे. आता दरवर्षी पस्तीस लाखांहून अधिक मुले हायस्कूल पूर्ण करतात.

लोकप्रियतेची सर्वांत उघड मोजणी म्हणजे सीनियर सुपरलेटिव्ह. ‘सर्वांत यशस्वी होण्याची शक्यता’, ‘सर्वांत छान हसू’, ‘उत्तम पेहराव’, ‘वर्गातला विदूषक’, ‘सर्वांत गोड जोडी’ अशा किताबांसाठी सीनियर वर्ग मतदान करतो. पूर्वी चिठ्ठ्या वाटत, आता ऑनलाइन फॉर्म येतो. रिवाजाप्रमाणे प्रत्येक किताब एक मुलगा आणि एक मुलगी यांना मिळे. अलीकडे बऱ्याच शाळा मुलगा-मुलगी न पाहता दोन नावे घेतात. विजेत्यांचे फोटो किताबाला साजेशा पोझमध्ये काढून इयरबुकमध्ये छापले जातात, म्हणजे विदूषक कचऱ्याच्या पिंपात बसलेला आणि गोड जोडी झाडाखाली. पुस्तक छापखान्यात वेळेवर जायचे असल्याने मतदान बहुधा वर्षाच्या पूर्वार्धातच उरकतात, त्यामुळे पुस्तक हातात येईपर्यंत एखादी गोड जोडी फुटलेलीही असते. ‘सर्वांत लोकप्रिय’ हा किताब कित्येक शाळांनी आता गाळला आहे. दिसण्यावरचे किताबही कमी होत आहेत. ‘सर्वांत यशस्वी’ मात्र तग धरून आहे, आणि तो मिळालेल्यांना पुढे वर्गाच्या स्नेहमेळाव्यात जाणे अवघड होते हा तिथला जुना विनोद आहे.

इयरबुकचे संपादक मंडळ मुलांचेच असते, सोबत एक मार्गदर्शक शिक्षक. सीनियर मुलांचे फोटो रंगीत आणि मोठे, खालच्या वर्गांचे तिकिटाएवढे. हे फोटो व्यावसायिक छायाचित्रकार काढतो. पुष्कळ शाळांत मुलींच्या खांद्यांवरून काळ्या मखमलीचे एक कापड ओढून मागे चिमटे लावतात आणि मुलांना नुसता पुढचा भाग असलेला सूट चढवतात. चौकटीच्या खाली जीन्स असते, पण वर सगळे सारखे श्रीमंत दिसतात. शेवटच्या पानांत आईवडील पैसे भरून बाळपणीच्या फोटोंच्या जाहिराती देतात. पुस्तक आले की शेवटचा आठवडा एकमेकांच्या प्रतींवर सह्या करण्यात जातो, आणि कोणाच्या प्रतीवर किती सह्या झाल्या हीसुद्धा एक अलिखित मोजणीच.

होमकमिंग हा शरद ऋतूतला उत्सव. माजी विद्यार्थी गावी परततात, शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलचा सामना होतो आणि मध्यंतरात राजा-राणीची नावे जाहीर होतात. याचे जनकत्व बरीच विद्यापीठे सांगतात; मिझुरी विद्यापीठाचा १९११ चा सोहळा त्यांत सर्वाधिक उल्लेखला जातो. टेक्ससमध्ये या दिवशी मुली छातीवर ‘मम’ लावतात. मम म्हणजे शेवंती. पूर्वी मुलगा मुलीला खरे फूल देई. आता ते कापडी असते, ताटाएवढे मोठे. त्याला घुंगरू, इवली अस्वले, बॅटरीवरचे दिवे आणि नावे चिकटवलेल्या रिबिनी लटकतात, त्या गुडघ्याच्याही खाली येतात. पिनेला ते वजन पेलत नाही म्हणून बऱ्याच जणी ते गळ्यात पट्ट्याने अडकवतात. सीनियर मुलीचा मम पांढरा-रुपेरी किंवा पांढरा-सोनेरी आणि इतरांचा शाळेच्या रंगांचा, त्यामुळे कोण कुठल्या इयत्तेत हे लांबूनच कळते.

राणी निवडण्याचे राजकारण किती खोल जाऊ शकते हे टेक्ससमधीलच क्रिस्टल सिटीत दिसले. पालक या भाजीच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात बहुसंख्य लोक मेक्सिकन वंशाचे होते, पण शाळा आणि नगरपालिका गोऱ्यांच्या हातात होती. चिअरलीडर निवडणारे शिक्षक चारांपैकी तीन जागा गोऱ्या मुलींना देत. १९६९ मध्ये माजी विद्यार्थी संघाने आपल्या होमकमिंग राणीसाठी अट घातली की मुलीच्या आईवडिलांपैकी एक तरी याच हायस्कूलचा पदवीधर हवा. शेतमजूर आईवडिलांना हायस्कूल पाहायलाच मिळाले नव्हते, म्हणजे अटीत वंशाचा उल्लेख नसूनही बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन मुली बाद झाल्या. त्या वर्षीच्या डिसेंबरात विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला. मागण्यांच्या यादीत राणीची निवड होती, तसेच द्विभाषिक शिक्षण आणि मेक्सिकन-अमेरिकन शिक्षकही होते. काही विद्यार्थी वॉशिंग्टनला जाऊन सिनेटरांना भेटले. जानेवारी १९७० मध्ये शाळा मंडळाने बहुतेक मागण्या मान्य केल्या. एप्रिलच्या निवडणुकीत होसे आन्हेल गुतिएरेस आणि त्यांच्या ला रासा उनिदा पक्षाच्या उमेदवारांनी शाळा मंडळात बहुमत मिळवले. राणीची निवड हे या लढ्याचे एकमेव कारण नव्हते, पण घरोघरच्या मुलींना थेट लागलेले कारण तेच होते.

मतपेटीचा उलटाही वापर होतो. एखाद्या एकट्या पडलेल्या मुलीला चेष्टा म्हणून राणीच्या दरबारात निवडून द्यायचे, असे प्रकार घडतात. २०१२ मध्ये मिशिगनमध्ये असे झाले तेव्हा गावातल्या दुकानदारांनी त्या मुलीचा पोशाख, केशरचना यांचा खर्च उचलला आणि मैदानावर गर्दी करून तिला दाद दिली. अपंग किंवा गतिमंद सोबत्याला मनापासून राजा निवडल्याच्या बातम्याही दर हंगामात असतात.

वसंतात प्रॉम येतो. भाड्याचा टक्सिडो, लांब झगा, मनगटावर फुलांचा कोर्साज, लिमोझिन, हॉटेलचा हॉल आणि कडेला उभे राहून लक्ष ठेवणारे शिक्षक, असा त्याचा थाट. प्रॉमला येण्याची विचारणा साग्रसंगीत फलक रंगवून करण्याची चाल मात्र या शतकातली, आणि फोनच्या कॅमेऱ्याने वाढवलेली. दक्षिणेतल्या काही गावांत शाळा एकत्र झाल्या तरी प्रॉम वेगळे राहिले, कारण नाच शाळेचा न ठेवता पालकांनी खाजगी केला. मिसिसिपीतील चार्ल्सटनमध्ये १९७० पासून काळी-गोरी मुले एका वर्गात बसत होती, पण त्यांचा पहिला एकत्र प्रॉम २००८ साली झाला. जवळच राहणारे अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी खर्च देऊ केला होता. १९९७ मधला त्यांचा तसाच प्रस्ताव गावाने दुर्लक्षिला होता. २००८ मध्येही काही गोऱ्या पालकांनी वेगळा नाच केलाच. जॉर्जियाच्या विलकॉक्स काउंटीत २०१३ साली मुलींनी स्वतः वर्गणी जमवून एकत्र प्रॉम घेतला. जोडीदार कोण असावा यावरही न्यायालयाने मत दिले आहे. १९८० मध्ये ऱ्होड आयलंडच्या फेडरल न्यायालयाने एका मुलाला दुसऱ्या मुलाबरोबर प्रॉमला येण्याची मुभा दिली आणि शाळेने बंदोबस्त ठेवावा, बंदी घालू नये असे सांगितले.

प्रॉम आणि पदवीदानानंतरच्या रात्री दारू पिऊन गाडी चालवल्याने होणारे अपघात ही या हंगामाची काळी बाजू. त्यावर उपाय म्हणून १९८० मध्ये मेन राज्यात पालकांनी रात्रभराची दारूविरहित पार्टी सुरू केली. ‘प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन’ या नावाने ती देशभर पसरली.

गुणांच्या बाजूचा कळस म्हणजे व्हॅलेडिक्टोरियन, म्हणजे वर्गात पहिला येऊन निरोपाचे भाषण करणारा विद्यार्थी. दुसरा सॅल्युटेटोरियन. गुणांची सरासरी चारपैकी काढत, पण अवघड अभ्यासक्रमांना जादा वजन मिळू लागल्यावर ती चारच्या वर गेली आणि दशांशाच्या तिसऱ्या-चौथ्या स्थानावर भांडणे सुरू झाली. २००३ मध्ये न्यू जर्सीतील एका विद्यार्थिनीने पहिला क्रमांक वाटून घ्यावा लागू नये म्हणून फेडरल न्यायालयाचा आदेश मिळवला. असल्या कटकटींमुळे अनेक शाळांनी क्रमांकच बंद केले, तर काही शाळा डझनावारी व्हॅलेडिक्टोरियन जाहीर करतात, जे माझ्या मते पहिल्या उपायापेक्षा हास्यास्पद आहे. बक्षीस समारंभाची संध्याकाळ वेगळी असते. तिथे रोटरीसारख्या गावातल्या संस्था शिष्यवृत्त्या देतात, आणि १९२१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ऑनर सोसायटीच्या सदस्यांना झग्यावर घालायचे पट्टे व गोंडे मिळतात.

पदवीदान फुटबॉलच्या मैदानावर किंवा मोठ्या सभागृहात होते. मिरवणुकीला एडवर्ड एल्गार यांच्या १९०१ च्या ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ या संचलनाच्या संगीतरचनेतली संथ धून वाजते. १९०५ मध्ये येलने एल्गारना मानद पदवी दिली तेव्हा ती वाजली आणि मग हळूहळू सगळ्या देशाने उचलली. सगळ्यांची नावे होईपर्यंत टाळ्या थांबवा, अशी विनंती मुख्याध्यापक करतात आणि पहिल्याच नावाला भोंगे वाजतात. मंचावर हातात पडणारी फोल्डर पुष्कळदा रिकामी असते. खरा कागद ग्रंथालयाचा दंड, हरवलेली पुस्तके यांचा हिशेब मिटल्यावर मिळतो. शेवटी टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे घ्यायचा आणि टोपी उडवायची. ही उडवाउडवी १९१२ मध्ये अनापोलिसच्या नौदल अकादमीत सुरू झाल्याचे सांगतात. हवाईत नातलग इतके फुलांचे हार घालतात की मुलांचे डोळे तेवढे दिसतात. मूलनिवासी मुलांनी टोपीला गरुडाचे पीस लावण्यावरून वाद झाले आणि काही राज्यांनी ते लावण्याचा हक्क कायद्याने दिला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळेच्या पदवीदानात धर्मगुरूकडून प्रार्थना म्हणवून घेणे पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरवले. २०२० मध्ये कोविडमुळे समारंभ ड्राइव्ह-इन थिएटरांत, गाड्यांत बसून झाले आणि अंगणात पदवीधराच्या फोटोचे फलक लागले.

समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९५० च्या दशकाअखेर इलिनॉयमधल्या दहा हायस्कुलांतील मुलांना विचारले की शाळेने तुम्हाला कशासाठी लक्षात ठेवावे. हुशार विद्यार्थी म्हणून लक्षात राहण्यापेक्षा मुलांना खेळाडू व्हायचे होते, मुलींना उपक्रमांतली पुढारी किंवा लोकप्रिय. मानसशास्त्रज्ञ पुढे लोकप्रियतेचे दोन प्रकार करू लागले: ज्याच्याशी मैत्री करावीशी वाटते तो, आणि ज्याचा रुबाब सगळे ओळखून असतात तो. मतपेटीतून बहुतेकदा दुसरा निघतो. गुणवंतांची कथाही सरळ नाही. इलिनॉयमधील १९८१ च्या ८१ व्हॅलेडिक्टोरियन व सॅल्युटेटोरियनांचा कॅरन अर्नोल्ड यांनी पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. बहुतेकांनी उत्तम शिकून चांगले व्यवसाय धरले, पण नव्या वाटा पाडणारे फारसे कोणी निघाले नाहीत.

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया इथल्या मराठी घरांत हे वर्ष आता ओळखीचे झाले आहे. समारंभाआधी नावाच्या उच्चाराचे कार्ड भरून द्यावे लागते, आणि ज्ञानदा किंवा हृषीकेश हे रोमन अक्षरांत कसे फोडून लिहावे यावर घरात चर्चा होते. सभागृहातल्या समारंभाला एका मुलामागे ठरावीकच तिकिटे मिळतात, त्यामुळे भारतातून आलेल्या दोन्हीकडच्या आजी-आजोबांची सोय लावताना कसरत होते. महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे दहावी-बारावीचा निरोप समारंभ आणि कॉलेजच्या गॅदरिंगमधले फिशपाँड, पण फिशपाँड निनावी असतो आणि छापला जात नाही. शिवाय इथे प्रमाणपत्र शाळा नव्हे, बोर्ड देते, आणि निरोप परीक्षेच्या आधीच होतो. मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळांत प्रॉम होऊ लागले आहेत. झगा आणि टोपी मात्र इंग्रजी माध्यमाच्या बालवाड्यांनी त्याआधीच उचलली. तिथे सीनियर केजीची मुले गोंडा सावरत मंचावर येतात. हीच मुले दहा वर्षांनी दहावी पास होतात तेव्हा रजिस्टरवर सही करून गुणपत्रिका घेतात आणि अकरावीच्या प्रवेशाच्या मागे लागतात.