वारा आणि हवा यांची खेळातून ओळख (कोकण किनारपट्टी)

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना हवेचे अस्तित्व आणि वाऱ्याची हालचाल अंगाने, हाताने, कानाने अनुभवता यावी म्हणून अंगणवाडीत, बालवाडीत किंवा घरच्या अंगणात घ्यायचे खेळ. या वयात व्याख्या, आकृती आणि पाठांतर यांचा उपयोग नसतो. वारा जोर लावतो, वस्तू हलवतो, ओले वाळवतो, आवाज करतो. तसेच रिकाम्या दिसणाऱ्या भांड्यातही हवा जागा व्यापून असते. एवढे मुलाच्या अनुभवाला आले की हेतू साधला. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर या शिक्षणाला लागणारे जवळजवळ सगळे साहित्य परसात आणि पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) मिळते.

वारा आणि हवा या दोन गोष्टी लहान मुलाला सारख्या अवघड नसतात. वारा अंगाला लागतो, टोपी उडवतो. स्थिर हवा मात्र दिसत नाही, लागत नाही आणि तिला वासही नसतो. पाठ्यक्रमांत बहुधा 'हवा सगळीकडे असते' या वाक्याने सुरुवात होते आणि वारा नंतर येतो. किनाऱ्यावर हा क्रम उलटा ठेवावा. आधी भरपूर वारा खेळू द्यावा आणि त्या ओळखीवर पुढे हवेकडे जावे.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९२० च्या दशकात मुलांशी बोलून वाऱ्याविषयीच्या त्यांच्या कल्पना नोंदवल्या. झाडे हलतात म्हणून वारा येतो, वारा जिवंत असतो, अशी उत्तरे लहान मुले देतात असे त्यांना आढळले. माडांच्या वाडीत वाढणाऱ्या मुलाला तर असे वाटणारच, कारण झावळ्या डोलताना दिसतात आणि त्याच वेळी अंगाला गार लागते. अशा उत्तराला लगेच 'चूक' म्हणू नये. 'झाड नसेल तिथे वारा येतो का, चला बघू' म्हणत मुलांना मोकळ्या पुळणीवर न्यावे. एका फेरीत मत बदलत नाही, पण मूल पुन्हा पाहू लागते, आणि या वयात तेच हवे असते.

किनाऱ्याचे मोठे भाग्य म्हणजे इथला वारा दिवसात दिशा बदलतो. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमीन निवली की मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पावसाळा सोडून, विशेषतः थंडीत, हा बदल ठळक असतो. बाईंनी अंगणात एका काठीला जुन्या साडीची लांब पट्टी बांधावी. मुले सकाळी येतात तेव्हा ती बहुधा समुद्राकडे फडकत असते. मधे एक वेळ अशी येते की वारा पडतो आणि पट्टी लोंबकळते. दुपारी तीच पट्टी डोंगराकडे वळलेली असते. सकाळच्या अंगणवाडीतील मुलांनी घरी जाताना आणि संध्याकाळी खेळताना एकदा काठीकडे बघावे, एवढे घरच्यांना सांगून ठेवावे. पूर्व-पश्चिम शिकवण्याची गरज नाही. 'दर्याकडे' आणि 'डोंगराकडे' या दोन दिशा मुलांना आधीच ठाऊक असतात. कारण सांगण्याचीही घाई नको. ते पुढे शाळेत भूगोलात येईलच, आणि तेव्हा फडफडणारी पट्टी डोळ्यांसमोर असेल.

खेळण्यांत पहिला मान माडाच्या पात्याच्या भिंगरीचा. हिरव्या पात्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून पाती करायची आणि मधून हीर (माडाच्या पात्याची मधली काडी) खोचायचा. हे काम आजी-आजोबांना येते, त्यामुळे त्या दिवशी एखाद्या आजीला वर्गात बोलवावे. वारा असेल तर भिंगरी धरून नुसते उभे राहायचे. वारा पडलेला असेल तर मूल आपसूक पळू लागते आणि भिंगरी फिरते. आपण पळालो की वारा लागतो, हा शोध त्याचा त्यालाच लागतो. तो कुणी सांगून बिघडवू नये. पात्याच्या सुरळीची पिपाणीही अशीच: फुंकलेली हवा ओठांशी थरथरते आणि आवाज होऊन बाहेर पडते.

करवंटीत ओल्या मातीचा गोळा, त्यात काडी आणि काडीला पिंपळाच्या पानाचे शीड लावले की होडी तयार होते. पाण्याच्या परातीत ती फुंकरीने किंवा पुठ्ठ्याने वारा घालून चालवता येते. जोराने फुंकले तर ती उलटते, हळू फुंकले तर पुढे जाते. किती फुंकायचे हे मुले चटकन शिकतात. दालदी, कोळी, गाबीत अशा मच्छीमार वस्त्यांतील मुलांना शीड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

ऋतूप्रमाणे खेळ बदलावेत. भात झोडून झाले की सुपातून वारवण्याचे काम सुरू होते. मुलांना लहान सुपे देऊन दाणा पायाशी पडतो आणि फोल लांब उडते हे करू द्यावे. उन्हाळ्यात सावरीची बोंडे फुटतात, रुईच्या म्हाताऱ्या हवेत तरंगतात. त्यांच्यामागे धावणारी मुले बियांचा प्रवासच पाहत असतात. (रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो, म्हणून झाडाला हात मोठ्यांनीच लावावा.) मासे सुकवण्याच्या वलांडीवर बोंबील सुकत घातलेले असतात तेव्हा दोन ओली फडकी घ्यावीत, एक वाऱ्यावर आणि एक बंद डब्यात ठेवावे, आणि जेवणानंतर दोन्ही फडकी हाताने चाचपावीत. सुरूच्या बनात डोळे मिटून वारा ऐकत बसण्याचा खेळ कमी खर्चाचा आणि फार मोलाचा आहे. दृष्टिहीन मूल त्यात बाकीच्यांच्या बरोबरीने, कधी पुढेही असते.

हवेचे खेळ यानंतर घ्यावेत. कोरडा कागद पेल्याच्या तळाशी घट्ट बसवून पेला पालथा आणि सरळ बादलीत दाबला तर कागद कोरडा राहतो, कारण आतली हवा पाण्याला वर येऊ देत नाही. पेला तिरका केला की बुडबुडे निघतात आणि आत पाणी शिरते. हा प्रयोग मुलांना पुन्हा पुन्हा करायचा असतो आणि तो करू द्यावा. पपईच्या पानाचा पोकळ देठ चीक पूर्ण निघून जाईपर्यंत धुऊन घेतला की साबणाचे फुगे काढण्याची नळी मिळते. फुग्यात काय आहे, या प्रश्नाला 'माझी फुंकर' असे उत्तर आले तर त्याहून चांगले उत्तर या वयात नाही. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो, किंवा ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीतील हवेचे वजन ७० किलोच्या आसपास भरते, ही माहिती बाईंसाठी आहे. मुलांसाठी नाही.

परिसरातील वस्तूंनी शिकवण्याची परंपरा या किनाऱ्यावर जुनी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले, माती वापरून मुलांना शिकवता येते हे त्यांनी करून दाखवले. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही खेळालाच शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले आहे.

पावसाळ्यात वाऱ्याचे रूप बदलते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, होड्या वर ओढून झाकून ठेवतात आणि बाबा घरी का आहेत हा प्रश्न वर्गात येतो. माशांच्या विणीचा हंगाम आणि खवळलेला दर्या अशी दोन्ही कारणे साध्या शब्दांत सांगता येतात. पण याच दिवसांत भीतीही असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरातील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर जन्मलेली मुलेही घरात त्या दिवसाविषयी ऐकतात आणि वारा वाढला की बिलगतात. त्यांना 'घाबरायचं नाही' म्हणून गप्प करू नये. वाळूत घर बांधायचे, पुठ्ठ्याने वारा घालून पाडायचे आणि पुन्हा बांधायचे, हा खेळ अशी मुले स्वतःहून कितीतरी वेळ खेळतात. त्यासोबत वादळात कुठे जायचे, कुणाचा हात धरायचा, हेही खेळातच ठरवून टाकावे.

काही काळजी मात्र सक्तीची आहे. प्लॅस्टिकची पिशवी हवा भरायला मुलांच्या हाती देऊ नये, कारण ती डोक्यात घातली तर जीव गुदमरतो. फुटलेल्या रबरी फुग्याचे तुकडे ताबडतोब उचलावेत. ते घशात अडकतात. साबणाच्या पाण्याआधी साध्या पाण्यात फुंकण्याचा सराव घ्यावा, म्हणजे मूल ओढून घेत नाही. प्रत्येकाची नळी वेगळी असावी. पतंग उडवायचा तर साध्या दोऱ्याचा, मांजाचा नाही. वारा जोरात असेल तेव्हा माडाखाली मुलांना बसवू नये, कारण नारळ आणि सुकलेली झावळ कधीही खाली येते.